सफरचंद म्हणायचं नाही

दोर्पातला, विद्यापीठाच्या तळघरात,
खिडकीवर काळं कापड ठोकलेलं
आणि टेबलावर एक सफरचंद.
डॉक्टर टीसेननी विचारलं, काय आहे, राउदसेप?
मी म्हणालो, सफरचंद.
त्यांनी वहीत फुली मारली.

सफरचंद ही तुमची समजूत झाली, ते म्हणाले.
समजुतीच्या आधी काय होतं ते सांगा.

आधीचं सांगायला मला अख्खा हिवाळा लागला.
लाल. डावीकडे विटत गेलेला.
खिळ्याच्या डोक्याएवढी चकाकी.
जिभेच्या मुळाशी थोडं पाणी.
हे सगळं जर्मनमधून,
कारण तिथे मन जर्मन असायचं.
माझं मात्र लोहाराच्या घरचं, एस्तोनियन,
ते आतल्या आत आधी 'ओउन' म्हणायचं,
मग हात धुऊन, कोट घालून बाहेर यायचं.
या दोन्हींच्या मध्ये किती वेळ जातो
ते मोजायचं यंत्र शेजारच्याच खोलीत होतं,
सेकंदाचे हजार तुकडे करणारं.
मी बोललो नाही. शिष्यवृत्तीचा प्रश्न होता.

वरच्या मजल्यावर तत्त्वज्ञान शिकवत.
कोणी म्हणे मन म्हणजे कोरी पाटी,
कोणी म्हणे पाटीवर रेघा आधीच आखलेल्या,
आणि एक म्हातारे प्राध्यापक तपकीर ओढत सांगायचे
की देह आणि आत्मा ही दोन घड्याळं,
एकदाच चावी दिलेली,
एकमेकांना न विचारता बरोबर चालणारी.
नाताळात हे मी बापाला सांगितलं.
तो घोड्याचा नाल वळवत होता.
म्हणाला, घण पडतो ना, तेव्हा हात पुढे असतो,
मी मागून पोचतो.
असं लिहून दे तुझ्या मास्तरांना.
मी दिलं नाही.

एप्रिलमध्ये एमायोगी नदीवरचा बर्फ फुटला
आणि त्याच आठवड्यात आईच्या डोक्यात काहीतरी.
गावी पोचलो तर ती उशीला टेकून बसलेली,
उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कोणाचा आणून ठेवल्यासारखा.
लीसूने, बहिणीने, पेंढ्यातलं शेवटचं सफरचंद आणलं,
सुरकुतलेलं,
आणि लहान पोराला विचारावं तसं विचारलं, आई, हे काय?

आईने पाहिलं. खूप वेळ पाहिलं.
लाल, म्हणाली.
गार.
मग: गोल… गोल नाही, खड्डा.
मग: तहान.

जे मला दोन सत्रांत साधलं नव्हतं
ते तिला एका रात्रीत आलं होतं.
टीसेननी टाळ्या वाजवल्या असत्या.
एकही समजूत नाही. एकही फुली नाही.
आणि तिच्या डोळ्यांत पाणी, रागाचं,
कारण शब्द तिथेच होता, दाराआड उभा,
आणि तिला कडी सापडत नव्हती.

लीसूने माझ्याकडे बोट दाखवलं. आणि हा?
उंच, आई म्हणाली.
धूर.
मग डावा हात, तो बरा असलेला,
माझ्या कानामागून घासून नेला,
लहानपणी काजळी पुसायची तसा.
तिथे काजळी नव्हती. दोन वर्षं नव्हती.
नाव आलं नाही.

परतलो तेव्हा तळघरात तेच कापड, तेच टेबल,
फळ तेवढं दुसरं.
काय आहे, राउदसेप?
ओउन, मी म्हणालो. मोठ्याने.
ही संवेदना आहे का, त्यांनी विचारलं.
म्हटलं, ठाऊक नाही. पण पहिलं तेच आलं.

ते लेखणी धरून बसून राहिले.
शेजारच्या खोलीत यंत्राचं चाक फिरत होतं.
मग त्यांनी वही माझ्याकडे सरकवली
आणि विचारलं, हे लिहितात कसं?